दोन वर्षं कुठं घालवायची?

निकाल लागल्यापासून टपाल वाढलंय. या खेपेला निवडलेल्या पत्रांमध्ये एक अडचण सारखीच आहे. घरची परिस्थिती, वय नाहीतर मार्क, काहीतरी आडवं येतं आणि दोन वर्षांपलीकडचा हिशेब मांडता येत नाही. मी सरकारी आयटीआयमध्ये जोडारी (फिटर) ट्रेडचा निदेशक होतो, त्यामुळं माझा कल कुठं झुकतो हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. तेवढा वजा करून पुढचं वाचावं.

सर, मी भुदरगड तालुक्यातली. यंदा दहावीला ७१ टक्के पडले. मला इलेक्ट्रिशियनचं आयटीआय करायचंय. आण्णा म्हणतात, ‘पोरीनं खांबावर चढायचं व्हय?’ त्यांना मला अकरावी सायन्सला घालायचंय. आई काहीच बोलत नाही. मी काय करू?

आधी आण्णांच्या खांबाचं बघू. अभ्यासक्रमात खांब येतो, नाही असं नाही. पण पहिलं वर्ष बरंचसं बाकापाशीच जातं. वायर सोलायची, सांधे मारायचे, सोल्डरिंग करायचं, अर्थिंगचा खड्डा भरायचा, घरगुती वायरिंगचा बोर्ड उभा करायचा. मॅरिड जॉइंट आणि ब्रिटानिया जॉइंट पहिल्यांदा मारताना बोटं सोलतात, मुलांचीही आणि मुलींचीही. दुसऱ्या वर्षी मोटर, ट्रान्सफॉर्मर, स्टार्टर आणि वाइंडिंग. वाइंडिंगला ताकदीपेक्षा चिकाटी लागते. तारेचे वेढे मोजताना चुकलं की सगळं उलगडून परत करायचं. माझ्या शेजारच्या वर्कशॉपला हे काम मुली मुलांपेक्षा नेटकं करायच्या, हे मी बघितलेलं आहे.

आता आण्णांना एवढंच विचार: आपल्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेची मोटर जळली की ती कुठं नेतात? वेदगंगेच्या दोन्ही काठांना उसासाठी मोटरी बसलेल्या आहेत आणि त्या जळतात नेमक्या उन्हाळ्यात, ऊस वाळायला लागला की. मग ती मोटर टेम्पोत घालून गारगोटीला, नाहीतर थेट कोल्हापुरात उद्यमनगरला. चार दिवस पाणी बंद. गावातच रिवाइंडिंग करणारं कुणी असलं तर त्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही.

महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं दोन वर्षांचं आयटीआय लागतं आणि तिथं महिलांसाठी जागा राखीव असतात. पण ती जाहिरात दरवर्षी निघत नाही. तिची वाट बघत घरी बसलेली पोरं मी ओळखतो, त्यातला नमुना तू होऊ नकोस. आयटीआय झालं की १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एक वर्ष कारखान्यात शिकाऊ म्हणून जायचं. कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, गोकुळ शिरगाव, शिरोली, कुठंही. त्या वर्षाचं विद्यावेतन मिळतं आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा होऊन वेगळं प्रमाणपत्र हातात पडतं. नुसतं आयटीआय आणि शिकाऊ उमेदवारी झालेलं आयटीआय यांत नोकरी देणारा फरक करतो. म्हणून हा रस्ता मी दोन वर्षांचा म्हणत नाही, तीन वर्षांचा म्हणतो.

आण्णांची खरी भीती वेगळी असावी: पोरगी एकदा आयटीआयला गेली की पुढचं शिक्षण संपलं. तसं होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला, ट्रेड आणि गुण नियमात बसत असतील तर, पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तिथं दोन वर्षं काढली की डिप्लोमा. डिप्लोमावरून पुन्हा इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वर्षं मोज: आयटीआयची दोन, डिप्लोमाची दोन, पदवीची तीन, एकूण सात. बारावी सायन्स करून इंजिनिअरिंगला गेलीस तर सहा. दहावीनंतर सरळ तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीला गेलीस तरी सहाच. एक वर्ष जास्त जातं, पण मधे कुठंही पैसे संपले किंवा घरात कुणी आजारी पडलं, तर थांबलीस तिथं तुझ्या हातात धंदा असतो. बारावी सायन्सवर थांबलीस तर नुसती गुणपत्रिका असते. आयटीआयवाल्यांना भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते, म्हणजे बारावी मागणाऱ्या स्पर्धा परीक्षेचा फॉर्मही अडत नाही.

आता आण्णांच्या बाजूनंही बोलतो. गणित आणि विज्ञानात तुला खरोखर रस असेल आणि ७१ टक्क्यांत त्या दोन विषयांचे मार्क चांगले असतील, तर आयटीआयच्या आधी पॉलिटेक्निकचा विचार कर. गारगोटीत मौनी विद्यापीठाचं पॉलिटेक्निक तुझ्या दारात आहे, कोल्हापुरात विद्यानगरला सरकारी पॉलिटेक्निक आहे. तीन वर्षं शिकायची घरची तयारी असेल तर आयटीआय करून मग डिप्लोमा करण्यापेक्षा हे सरळ पडतं. घरची तयारी दोनच वर्षांची असेल तर माझं मत आयटीआयला.

आणि प्रवेश घेण्याआधी वर्कशॉप डोळ्यांनी बघून ये. सगळ्याच आयटीआय सारख्या नसतात. काही ठिकाणी निदेशकाची जागा रिकामी असते आणि एकाच माणसावर दोन तुकड्या असतात. वाइंडिंगच्या टेबलावर तारेचे तुकडे पडलेत की धूळ बसलीय, ते बघ. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचार, ‘गेल्या आठवड्यात हातानं काय केलं?’ उत्तर लगेच आलं तर ठीक. मुलींसाठीचं स्वच्छतागृह सुरू आहे का, हेही बघ. त्यात लाजण्यासारखं काही नाही. एका तुकडीत वीसच जागा असतात आणि इलेक्ट्रिशियनला गर्दी असते, म्हणून ऑनलाइन पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकाला तेच टाक जिथं तू खरंच जाणार आहेस. पहिली पसंती मिळाली आणि तिथं गेली नाहीस, तर पुढच्या फेऱ्यांत पंचाईत होते. खासगी आयटीआय असेल तर तुकडी केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाशी (डीजीटी, बोलण्यात अजून एनसीव्हीटी) संलग्न आहे याची खात्री कर. एसटीचा विद्यार्थी पास मिळतोच, पण गारगोटीहून रोज कोल्हापूर म्हणजे जाऊन येऊन तीन तास मोडतात. तालुक्यातच ट्रेड मिळाला तर तो आधी.

आईला मात्र बोलतं कर. अशा वेळी आया गप्प असतात त्याला बहुतेक कारण असतं.

मी शिरोलीत फौंड्रीत मोल्डिंगला आहे. मुलगा बारावी सायन्स झाला, ५४ टक्के, गणित ग्रुप. सीईटीत काही जमलं नाही. एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, डी.फार्मला घाला, दोन वर्षांत मेडिकल दुकान टाकता येतं, रोज कॉलेजला यायचीही गरज नाही, फी तेवढी भरायची. घालू का?

दादा, ‘यायची गरज नाही’ हे वाक्य ऐकलंत तिथंच चहाचा कप ठेवून उठायचं. डी.फार्म हा चांगला अभ्यासक्रम आहे. बारावी सायन्सनंतर दोन वर्षं, गणित किंवा जीवशास्त्र कोणताही ग्रुप चालतो, शिवाय ५०० तासांचं प्रशिक्षण. पुढं बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण आता डी.फार्म पास झालं की लगेच फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२२ च्या नियमांनी एक एक्झिट परीक्षा आणली आहे, ती पास व्हावी लागते. जो वर्गात बसलाच नाही तो औषधशास्त्राच्या प्रश्नांना काय उत्तर देणार? तुमची फी जाईल, पोराची दोन वर्षं जातील आणि हातात असा डिप्लोमा येईल ज्यावर दुकानाचा परवाना मिळत नाही. हजेरीचा नियम कागदावर आहेच. तो मोडायला मदत करणारा माणूस परीक्षेच्या दिवशी फोन उचलत नाही.

फार्मसीतच रस असेल तर पोराला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाऊ द्या. कॉलेजला कौन्सिलची चालू वर्षाची मान्यता आहे का ते बघा. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, ती संकेतस्थळावर असते. त्याच्या वर कुणी मागितलं तर पावती मागा. पावती म्हटलं की बरेच जण आपोआप खाली येतात.

माझ्या मनात मात्र दुसरंच आलं. बारावी सायन्सवाल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात घेतात, म्हणजे त्याचाही डिप्लोमा दोनच वर्षांत होतो. तुम्ही मोल्डिंगला आहात. साचा, कोअर, वाळूची ओल, ब्लो होल ही भाषा त्या पोरानं घरात लहानपणापासून ऐकलीय. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या पट्ट्यात कास्टिंग आणि मशिनिंगचं काम आहे आणि तिथं डिप्लोमा मेकॅनिकलवाला पोरगा सुपरवायझर, क्वालिटी, टूल रूम अशा ठिकाणी लागतो. सुरुवातीचा पगार फार नसतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण तुमच्याच शेडच्या वरच्या मजल्यावर चढायचा जिना तो आहे.

अडचण एकच आणि ती मोठी आहे. थेट दुसऱ्या वर्षात येणारी मुलं पहिल्या सहामाहीत धडपडतात. वर्गातल्या बाकीच्यांचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि वर्कशॉप पहिल्या वर्षी झालेलं असतं, यांनी टी-स्क्वेअर हातात धरलेली नसते. आताच जून-जुलैत कुणाकडं तरी ड्रॉइंगची तयारी करून घ्या. प्रोजेक्शन डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते. इंग्रजीचा धसका असेल तर तंत्रशिक्षण मंडळानं द्विभाषिक पर्याय दिलेला आहे, परीक्षा मराठी-इंग्रजी मिसळून लिहिता येते.

फीच्या बाबतीत: कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की हा हक्क गेला. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो, आत्ताच काढून ठेवा. ऑगस्टमध्ये सेतू केंद्रापुढं उभं राहायला जागा नसते.

माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. मुलगी बारावी कॉमर्स झाली, ८३ टक्के. भाऊ म्हणतो, तिला इकडं कम्युनिटी कॉलेजला पाठव, दोन वर्षं तिथं, मग दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात, फी एकदम कमी, राहायला माझं घर आहे. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. राजारामपुरीतून लिहिते आहे.

ताई, भाऊ सांगतो तो रस्ता खरा आहे, फक्त फीबद्दल त्याला पुन्हा एकदा विचारा.

अमेरिकेतली ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं त्या त्या भागातल्या लोकांसाठी उभी राहिली. त्यातलं सर्वांत जुनं इलिनॉय राज्यातल्या जोलिएटचं, १९०१ सालचं. त्याच साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. अडचण दोन्हीकडं एकच होती, घर सोडून शिकणं परवडत नव्हतं. महाराजांनी खेड्यातल्या पोराला शहरात राहायची सोय केली, तिकडं त्यांनी कॉलेजच पोराच्या गावापाशी नेलं. त्यामुळं तिथली स्वस्त फी ही त्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या), त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असते. तुमची मुलगी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणार. मामाच्या घरी राहिली म्हणून ती रहिवासी ठरत नाही. तिला परदेशी विद्यार्थ्याचा दर लागतो आणि तो कित्येक पटींनी जास्त असू शकतो. चार वर्षांच्या विद्यापीठापेक्षा तरीही कमी पडतो, हे खरं. पण भावाच्या डोक्यात शेजाऱ्याच्या मुलाचा आकडा असेल तर तो तुमच्या कामाचा नाही.

तिथं दोन वर्षांनी असोसिएट डिग्री मिळते. तिचे प्रकार असतात आणि इथंच पोरं फसतात. पुढं विद्यापीठात जायचं असेल तर असोसिएट इन आर्ट्स किंवा असोसिएट इन सायन्स घ्यायची. असोसिएट इन अप्लाइड सायन्स ही नोकरीसाठी बांधलेली असते, तिची क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांची गणती, पुढं पूर्ण चालतीलच असं नाही. न्यू जर्सीत राज्यातल्या सरकारी चार वर्षांच्या कॉलेजांशी क्रेडिट वळवण्याचा राज्यव्यापी करार आहे, ही तुमच्या बाजूची गोष्ट. शेजारच्या न्यूयॉर्कमधल्या एखाद्या विद्यापीठात जायचं मनात असेल तर मात्र त्या विद्यापीठाला वेगळं विचारावं लागेल, आणि तेही पहिल्या सेमिस्टरच्या आत. तिसऱ्या वर्षी विचारून उपयोग नाही.

कॉलेजनं आय-२० हा प्रवेशाचा फॉर्म दिल्याशिवाय व्हिसाची मुलाखत नाही, आणि आय-२० साठी किमान पहिल्या वर्षाचा खर्च दाखवावा लागतो. राहणं-जेवण मोफत असेल तर भावानं तसं लिहून द्यायचं. पहिल्या वर्षी कॉलेजच्या आवारातच काम करता येतं, तेही सत्र सुरू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. मोटेल, दुकान, ओळखीच्याचा पेट्रोल पंप यांतलं काहीही चालत नाही, मामाच्या मित्राचा असला तरी. आणि मामाचं घर कॉलेजपासून किती लांब आहे ते विचारा. तिथं दारात केएमटीची बस येत नाही. गाडी, तिचा विमा, लायसन्स हा खर्च पहिल्या महिन्यापासून धरा.

दोन वर्षांनी मन बदललं आणि ती परत आली तर? भारतात असोसिएट डिग्री पदवी म्हणून धरली जात नाही. इथल्या एम.कॉम.चा किंवा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म तिच्यावर भरता येणार नाही. म्हणजे चार वर्षांचे पैसे दिसत असतील तरच पाठवा. पहिल्या दोन वर्षांचे आहेत, पुढचं बघू, या हिशेबावर पाठवू नका. मुलीला स्वतःला जायचंय की नाही हे तुमच्या पत्रात कुठं आलं नाही. तेवढं तिच्याकडून मला लिहून पाठवा.

मी कागल तालुक्यातली गृहिणी, वय ३४, बारावी आर्ट्स ५६ टक्के, ओपन. मुलं मोठी झाली. दोन वर्षांचं डी.एल.एड. करून शिक्षिका व्हावं असं वाटतं. उशीर झाला का?

शिकायला नाही, सरकारी भरतीला थोडा झाला आहे. प्रवेशाला खुल्या गटासाठी ४९.५ टक्के लागतात, ते तुम्हाला आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिकसाठी बी.एड. चालणार नाही असं सांगितल्यापासून डी.एल.एड.ला पुन्हा किंमत आली. पण डिप्लोमा हाती येईल तेव्हा तुम्ही ३६ च्या असाल. मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग अभियोग्यता चाचणी, मग सरकारच्या पवित्र पोर्टलवरची शिक्षक भरती. खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे आणि भरती आपल्या वयाकडं बघून निघत नाही. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची बी.एड. पदवी ही किमान पात्रता करायचं म्हटलंय.

जिल्हा परिषदेच्या शाळेची नोकरी हाच हेतू असेल तर मी यात पडू नका म्हणेन. गावात इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, तिथं शिकवायचंय, घरी शिकवण्या घ्यायच्यात, असं असेल तर जरूर करा. आणि त्याचबरोबर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए.चा विचार ठेवा, कारण नुसत्या बारावीवर पुढचं काहीच उघडत नाही.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील अंथरुणाला आहेत, कॉलेज सोडावं लागेल. मैत्रीण म्हणते, दोन वर्षांवर डिप्लोमा मिळतो. खरं आहे का?

खरं आहे. नव्या धोरणाखालच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. दोन अटी आहेत: दोन्ही वर्षांची क्रेडिट पूर्ण हवीत, आणि बाहेर पडताना चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप जादा करावी लागते. हे कॉलेजात कुणी आपणहून सांगत नाही. वर्ष संपायच्या आत विभागप्रमुखांना लेखी अर्ज दे, आणि अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेत तुझं खातं उघडलेलं आहे व मार्क तिथं चढलेत, हे स्वतः मोबाइलवर बघून घे.

पण त्या पदविकेवर नोकरी मिळेल असं धरू नकोस. तिचा उपयोग परत येऊन तिसरं वर्ष पूर्ण करायला. सोडण्याआधी शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात जाऊन ये, तिसरं वर्ष घरून करता येण्यासारखं असेल तर कॉलेज सोडण्याची गरजच पडणार नाही. जाताना दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आणि आधार कार्ड घेऊन जा, आणि सकाळी जा.